तुकडा काढला तर कॅन्सर पसरतो का? गर्भपिशवीच्या तपासण्यांविषयी

पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि एक दिवस कपड्यावर लाल डाग दिसला, तर तो डाग केवढा होता हे महत्त्वाचं नसतं. एकदाच पडला, लगेच थांबला, काही दुखलं नाही, तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. हे सांगितलं की गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत बहुतेक घरांत तोच प्रश्न येतो. तपासायला तुकडा काढला आणि त्यानेच कॅन्सर पसरला तर? पाठोपाठ वाड्यावरच्या कुणाची तरी गोष्ट निघते. चांगली हिंडती-फिरती बाई होती, इस्पितळात नेली, तुकडा काढला आणि सहा महिन्यांत गेली. अशा गोष्टीत घडलेलं सगळं खरं असतं, कारण मात्र चुकीचं लावलेलं असतं. आजार आधीच पसरला होता, तुकडा काढला तेव्हा तो कळला एवढंच.

तरीही ही भीती उडवून लावण्यासारखी नाही. "काही होत नाही हो" असं म्हणून सुटका करून घेणं मला पटत नाही. शरीरात काहीही घालायचं म्हणजे थोडा धोका आलाच. तो किती, कुठे आहे आणि कसा कमी करतात, हे बाईला कळलं तर ती स्वतःच्या पायांनी तपासणीला जाते.

आधी थोडे आकडे बघू. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झालेल्या शंभर स्त्रियांत साधारण नऊ जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो. बाकीच्यांत अस्तर वाळून नाजूक झालेलं असतं, लहानसा पॉलिप म्हणजे अस्तराचा मांसल कोंब असतो किंवा अस्तर जाड झालेलं असतं. म्हणजे बहुतेकींना तपासणीनंतर दिलासाच मिळतो. उलट बाजूने पाहिलं, तर ज्यांना हा कॅन्सर होतो त्यांतल्या दहापैकी नऊ जणींना आधी रक्तस्राव झालेला असतो. इतक्या लवकर वर्दी देणारे कॅन्सर फार थोडे. गर्भाशयातच असताना तो सापडला तर अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे पाच वर्षांनंतर शंभरातल्या ९५ जणी हयात असतात. दूरच्या अवयवांत पोहोचल्यावर सापडला तर हाच आकडा विसाच्या आसपास येतो.

आणि तरी दिवस जातात. पाळी गेली म्हणजे बाई सुटली, आता चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळं बांधायच्या माटोळीपासून नैवेद्यापर्यंत सगळ्याला हात लावायला ती मोकळी, अशी आपल्याकडची समजूत. त्यात पुन्हा लाल दिसलं की ते सुनेला सांगायचीही लाज वाटते. चवथ होऊ दे, मग बघू. चवथ होते, तुळशीचं लग्न होतं, गावची जत्रा येते. या चालढकलीचा धोका पुढे सांगणार असलेल्या सगळ्या तपासण्यांच्या धोक्यांपेक्षा मोठा आहे.

पाळी चालू असलेल्यांसाठीही थोडं सांगायला हवं. वय पंचेचाळीसच्या पुढे असेल आणि पाळी अनियमित, फार जास्त किंवा मधे-मधे येत असेल, तर "हे वयच तसं" म्हणून सोडून देऊ नये. त्याआधीच्या वयातही वजन खूप असेल, पीसीओएस (बीजाशयांशी संबंधित संप्रेरकांचा बिघाड) असेल, औषधं घेऊनही स्राव आटोक्यात येत नसेल, तर अस्तर तपासावं लागतं. चरबीच्या पेशी शरीरात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तयार करतात आणि हे इस्ट्रोजेन अस्तर वाढवत राहतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या दर तीन स्त्रियांमागे एकीचं तरी वजन जास्त आढळलं होतं. तेव्हा हा विषय आपल्या दारातलाच आहे.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करते. "माझी पॅप तपासणी गेल्या वर्षी नॉर्मल आली" हे उत्तर इथे चालत नाही. पॅप तपासणी गर्भाशयाच्या तोंडाची असते, आतल्या अस्तराचा कॅन्सर शोधण्यासाठी ती नाही.

पहिली पायरी: खालून केलेली सोनोग्राफी

योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी मिलिमीटरमध्ये मोजता येते. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, ध्वनिलहरी असतात, त्यामुळे किरणोत्साराची भीती नाही. पाळी गेलेल्या स्त्रीला पहिल्यांदाच रक्तस्राव झाला असेल आणि अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल, तर कॅन्सर नसण्याची खात्री ९९ टक्क्यांहून जास्त असते. अशा वेळी डॉक्टर बहुधा तुकडा न काढता थांबतात. ज्या तपासणीची गरज नाही ती टाळणं हीसुद्धा सुरक्षितताच.

पण थांबायचं म्हणजे विसरायचं नाही. पुन्हा लाल दिसलं तर अस्तर पातळ असलं तरी तुकडा तपासावाच लागतो, कारण या कॅन्सरचा एक आक्रमक प्रकार पातळ अस्तरातही वाढतो. मोठ्या गाठी असतील, तर अस्तर नीट दिसतही नाही. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांमध्ये अस्तर औषधानेच जाड दिसतं, म्हणून त्यांच्या बाबतीत जाडीवरून फारसं कळत नाही. रक्तस्राव झाला की तपासायचं, एवढंच त्यांनी लक्षात ठेवावं.

अविवाहित स्त्रीला किंवा बरीच वर्षं एकटी राहिलेल्या वृद्ध बाईला ही तपासणी नको वाटू शकते. तिने तसं स्पष्ट सांगावं. भरल्या लघवीच्या पिशवीवर पोटावरून सोनोग्राफी करता येते. चित्र तितकं स्वच्छ येत नाही, पण सुरुवात होते. तपासणीच्या वेळी खोलीत नर्स असावी किंवा घरची बाई सोबत असावी, हा आपला हक्क आहे, आणि तो मागताना ओशाळायचं कारण नाही.

तुकडा काढणं

आता ज्याची भीती वाटते त्याकडे येऊ. आज बऱ्याच ठिकाणी अस्तराचा नमुना पिपेल नावाच्या नळीने घेतात. ती प्लॅस्टिकची, लवचीक आणि जेमतेम ३ मिलिमीटर जाड असते. ओपीडीतच, भूल न देता, ती गर्भाशयाच्या तोंडातून आत घालतात, आतला दट्ट्या ओढला की हवेच्या ओढीने अस्तराचे बारीक कण नळीत येतात. नळी आत असते ती मिनिटभर, फार तर दोन मिनिटं. कॅन्सर असेल तर दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त वेळा तो यात सापडतो.

धोका काय? गर्भाशयाला भोक पडण्याची शक्यता हजारात एक ते दोन. पडलंच तर ते बारीक असतं, बहुतेक वेळा निरीक्षणाखाली ठेवलं की आपोआप भरून येतं. जंतुसंसर्ग क्वचित होतो. काहींना त्या क्षणी चक्कर येते, घाम फुटतो, नाडी मंदावते, पाय उंच करून थोडा वेळ झोपवलं की बरं वाटतं. त्यानंतर एक-दोन दिवस थोडं लाल जातं.

पूर्वी यासाठी सरसकट क्युरेटिंग व्हायचं, ज्याला आपल्या बायका "पिशवी साफ केली" म्हणतात. त्याला भूल लागते. गर्भाशयाचं तोंड रुंद करावं लागतं आणि धातूच्या साधनाने, आत काय आहे ते न दिसता, अस्तर खरवडलं जातं. पाळी गेलेल्या स्त्रीचं गर्भाशय आकसलेलं आणि पातळ असतं, तिथे भोक पडण्याचं प्रमाण हजारात २५ च्या आसपास नोंदलं गेलं आहे. इतकं करूनही बऱ्याचदा अस्तराचा निम्मा भागसुद्धा खरवडला जात नाही. शिवाय हा आजार ज्यांना होतो त्यांच्यात जाड, मधुमेही आणि रक्तदाबाच्या बायका जास्त, आणि भुलीचा धोका नेमका त्यांनाच अधिक. म्हणून थेट क्युरेटिंग सुचवलं तर "आधी पिपेलने किंवा दुर्बिणीने होणार नाही का?" असं जरूर विचारा. कधी कधी खरोखर होत नाही. गर्भाशयाचं तोंड वयाने मिटलेलं असतं, नमुना पुरेसा येत नाही, रक्तस्राव फार असतो. तसं असेल तर डॉक्टर कारण सांगतील.

दुर्बिणीची तपासणी आणि पसरण्याची भीती

दुर्बिणीच्या तपासणीत बारीक नळीतून कॅमेरा गर्भाशयात नेतात. गर्भाशयाच्या भिंती रिकाम्या पिशवीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्या दूर करायला सलाइनचं पाणी सोडतात. पॉलिप, संशयित जागा डोळ्यांना दिसते आणि नेमका तिथलाच तुकडा घेता येतो. नेदरलँड्समधल्या एका मोठ्या पाहणीत केवळ तपासणीसाठी केलेल्या दुर्बिणीत गुंतागुंत झाली ती हजारात एक-दोघींना. त्याच वेळी दुर्बिणीतून काही कापायचं असेल तर हे प्रमाण हजारात नऊ-दहावर गेलं.

आता पसरण्याचा प्रश्न. तो फक्त आपल्या वाड्यावरच्या बायकांना पडलेला नाही, डॉक्टरांनाही पडला, आणि त्यावर बरेच अभ्यास झाले आहेत. आत सोडलेलं पाणी बीजवाहिन्यांतून पोटाच्या पोकळीत उतरू शकतं आणि त्याबरोबर कॅन्सरच्या काही सुट्या पेशीही जाऊ शकतात. दुर्बीण केलेल्या स्त्रियांच्या पोटातल्या पाण्यात अशा पेशी थोड्या जास्त वेळा सापडल्या, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण पेशी तिथे पोहोचणं वेगळं आणि रुजून वाढणं वेगळं. दुर्बीण केलेल्यांत आजार जास्त वेळा उलटला किंवा त्या कमी जगल्या, असं या अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. जगभरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फिगो या संघटनेने २००९ मध्ये आजाराची अवस्था ठरवण्याच्या निकषांतून पोटातल्या पाण्यातल्या पेशींची तपासणी वगळली, कारण एकट्या तिच्यावरून अवस्था ठरवणं योग्य दिसलं नाही.

तरीसुद्धा काळजी घेतातच. पाण्याचा दाब शक्य तितका कमी ठेवतात, सहसा पाऱ्याच्या १०० मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाहीत. साध्या नमुन्यातच कॅन्सर ठरला असेल तर केवळ बघायला म्हणून दुर्बीण घालत नाहीत. आत सोडलेलं आणि बाहेर आलेलं पाणी मोजतात, कारण ते रक्तात शोषलं गेलं तर हृदयावर ताण येतो. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ही मर्यादा आणखी कमी धरतात. नुसती तपासणी काही मिनिटांत आटोपते, तिला पाणी थोडंच लागतं.

सुई टोचली की पसरतो, ही समजूत आली कुठून, याचाही विचार करायला हवा. बीजाशयात संशयास्पद पाण्याची गाठ असेल तर ती सहसा सुईने फोडत नाहीत, कारण आतला द्रव पोटात सांडला तर आजाराची अवस्था बदलू शकते. तिथे ही सावधगिरी बरोबर आहे. गर्भाशयाच्या अस्तराला ती लागू नाही. तिथला नमुना नैसर्गिक मार्गाने येतो, त्यासाठी पोटाला छेद जात नाही. गर्भाशयाची भिंत स्नायूची असते आणि नळी त्या भिंतीच्या आतल्या बाजूला राहते.

तपासल्याशिवाय पिशवी काढणं

मला ज्याची खरी चिंता वाटते ते हे. "सारखा त्रास आहे ना, वय झालंय, मुलं झालीत, मग पिशवी काढून टाकू." हे वाक्य डॉक्टरांकडून येतं, तसं घरातूनही येतं. बाईलाही वाटतं की एकदाच काय ते होऊन जाऊ दे. तुकडा नको म्हणणारं घर आख्खं गर्भाशय काढायला तयार होतं, हे मला कधी कधी कळत नाही.

अस्तर न तपासता गर्भाशय काढलं आणि नंतर अहवालात कॅन्सर निघाला, तर मोठी अडचण होते. कॅन्सरची शस्त्रक्रिया वेगळी असते. गर्भाशय अखंड काढायचं, सोबत बहुधा बीजाशय आणि बीजवाहिन्याही काढायच्या, लागलं तर लसिकाग्रंथी तपासायच्या, हे सगळं आधी ठरवावं लागतं. आधी माहीत नसेल तर पुन्हा पोट उघडावं लागू शकतं किंवा उपचार अंदाजाने ठरवावे लागतात.

त्याहून वाईट म्हणजे गर्भाशय किंवा त्यातल्या गाठी पोटातच यंत्राने बारीक करून छोट्या भोकातून बाहेर काढणं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हे केलं जायचं. गाठ साधी असेल तर ठीक, पण आत लपलेला कॅन्सर असेल तर त्याचे कण पोटभर विखुरतात, आणि इथे मात्र पसरण्याची भीती पूर्णपणे खरी ठरते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये याविरुद्ध इशारा दिला. गाठींसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे साडेतीनशे स्त्रियांमागे एकीमध्ये लपलेला सार्कोमा (गर्भाशयाच्या स्नायूंसारख्या ऊतीतला कॅन्सर) असू शकतो, असा त्यांचा अंदाज होता. त्यानंतर बारीक करायचंच असेल तर बंद पिशवीत करावं, असा दंडक आला. म्हणून गर्भाशय काढायचा सल्ला मिळाला तर दोन प्रश्न लिहून न्या. अस्तराचा तुकडा तपासला आहे का? आणि गर्भाशय अखंड निघणार आहे का? गाठींमधला सार्कोमा अस्तराच्या तुकड्यात नेहमी सापडत नाही, त्यामुळे पहिल्याचं उत्तर "हो" आलं तरी दुसरा प्रश्न विचाराच.

दुखण्याबद्दल

दुखतं का? काहींना पाळीच्या कळांइतकं, काहींना त्याहून बरंच जास्त. ज्यांचं बाळंतपण नैसर्गिक झालेलं नाही आणि ज्यांची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली आहेत, त्यांना जास्त दुखण्याची शक्यता असते. तासभर आधी वेदनाशामक गोळी घेतली तर फरक पडतो, मात्र मूत्रपिंडाचा त्रास किंवा अल्सर असेल तर कोणती गोळी चालेल ते डॉक्टरांनीच सांगावं. बारीक दुर्बीण आणि जागेवरची भूल हेही मागता येतं. सहन होत नसेल तर "थांबा" म्हणायचं, आणि डॉक्टरांनी थांबायचं. बाळंतपणं सोसलेल्या बाईला एवढं काय, असं कुणी म्हणू नये. पहिला अनुभव वाईट आला की बाई पुन्हा फिरकत नाही, आणि नुकसान तिचंच होतं.

जाण्याआधी काही गोष्टी सांगणं तुमच्या हातात आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट घातलेल्या माणसाने गोळी सोडली तर ते या तपासणीपेक्षा कितीतरी धोक्याचं. पाळी चालू असेल तर गर्भ नाही ना, हे आधी तपासायला हवं. अंगावरून घाण वासाचं पाणी जात असेल, ताप असेल, तर आधी त्याचा उपचार होतो. भूल द्यायची असेल तर उपाशी राहावं लागतं, तेव्हा मधुमेहाची त्या सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचं की नाही ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

घरी आल्यावर ताप आला, पोटात वाढत जाणारी कळ सुरू झाली, वास येणारा स्राव गेला किंवा तासाला एक पॅड भिजू लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. रात्र असेल तर १०८ ला फोन करा. म्हापशाचं आणि मडगावचं जिल्हा इस्पितळ आणि बांबोळीचं गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, तिन्हीकडे स्त्रीरोग विभाग आहेत. जिथे तपासणी झाली तिथले कागद बरोबर न्या.

कॅन्सर ठरला की पुढे बहुधा एमआरआय होतो, आजार भिंतीत किती खोल गेला आहे ते त्यात दिसतं. त्यातही क्ष-किरण नसतात. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेला कोणताही धातू आधी सांगायचा आणि मंगळसूत्र, नथ, बांगड्या काढून ठेवायच्या. शिरेतून औषध द्यायचं असेल तर मूत्रपिंडाची रक्ततपासणी झालेली असावी.

अहवाल हातात आल्यावर

"नमुना अपुरा" असं लिहून आलं तर त्याचा अर्थ "सगळं ठीक" असा बरेच जण घेतात. तो तसा नाही. पाळी गेलेल्यांत अस्तर पातळ असल्याने असं पुष्कळदा होतं, पण अशा स्त्रियांची पुढे नीट तपासणी केली तेव्हा शंभरातल्या सात जणींच्या आसपास कॅन्सर किंवा त्याची आधीची अवस्था निघाली. सोनोग्राफीत अस्तर जाड असेल किंवा रक्तस्राव चालूच असेल तर दुर्बीण करून घ्या. "एटिपिकल हायपरप्लेशिया" (अस्तर जाड होऊन त्यातल्या पेशीही बदललेल्या) हे शब्द दिसले तर कॅन्सर नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. अशा अवस्थेत गर्भाशय काढल्यावर शंभरातल्या चाळीसेक जणींत आधीच कॅन्सर सापडल्याची नोंद आहे.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. तपासलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. काचेवरच्या स्लाइड्सही असतात. फोंड्याच्या किंवा म्हापशाच्या खाजगी इस्पितळात तुकडा काढला आणि उपचार बांबोळीला किंवा मुंबईच्या टाटामध्ये घ्यायचे ठरले, तर नुसता अहवालाचा कागद पुरत नाही, तिथले डॉक्टर तो तुकडा स्वतः पाहायला मागतात. लॅबमध्ये अर्ज करून ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्या, सही करून घेतल्याची नोंद ठेवा, आणि ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. तो सोबत असला तर बहुतेक वेळा तुकडा पुन्हा काढावा लागत नाही.